चालू घड्याळाचे काय करावे?

मुंबईच्या चोर बाजारात चावीचे घड्याळ कधीकधी चालू स्थितीत मिळते. ही उणीव कलावंताने तत्काळ दूर करावी. घड्याळ फोडून त्याची चक्रे कॅनव्हासवर चिकटवावीत, शेजारी मोडी दस्ताचा तुकडा (उलटा लागला तरी हरकत नाही, वाचतो कोण?). कागद फारच नवा वाटल्यास चहाच्या पाण्यात बुडवावा. पन्नास वर्षे दहा मिनिटांत उरकतात. पिकासोने १९१२ साली चित्राला ऑईलक्लॉथ चिकटवून भोवती दोरी गुंडाळली, ती कला झाली. आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत राहिल्या आणि कोपऱ्यात सही करायला विसरल्या. त्याला कोण काय करणार?

जुने फोटो मात्र जरूर वापरावेत. ‘अनोळखी गृहस्थ, पगडीसह’ ही कलाकृती एका कुटुंबाने नुकतीच चार हजारांना घेतली. भिंतीवर लावल्यावर आत्याने ओळखले: त्यांचेच पणजोबा, दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेलेले.