जर्दाळू म्हणजे कोण?

नकाशे पाहणाऱ्यांत दोन पंथ आहेत. काही जण नुसता नकाशा पाहतात आणि सुखी राहतात. मी कोपऱ्यातली सूची वाचणाऱ्या पंथातला.

नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेचे निकाल लागले आणि 288 मतदारसंघांचे रंगीत नकाशे सगळीकडे झळकले. ते रंगवणाऱ्यांची मला मनापासून दया आली. भाजप भगवा, शिवसेना भगवी. शिवसेना फुटली, पण दोन्हीकडचा रंग काही फुटला नाही. 2020 मध्ये मनसेनेही झेंडा भगवा करून घेतला. काँग्रेस आणि दोन्ही राष्ट्रवादींचे झेंडे तिरंगी. आता तीन रंग सूचीतल्या एवढ्याशा चौकोनात कोंबणार कसे? मग बिचाऱ्यांनी केशरी, नारिंगी, विटकरी, जर्दाळू असा सुकामेवा मांडला. आमचा मतदारसंघ नारिंगी की जर्दाळू, हे मी भिंग लावून बघत होतो. बायको म्हणाली, “अहो, निवडून आलेल्यालाही अजून नक्की ठाऊक नसेल. तुम्ही कशाला डोळे फोडताय?”

गणितवाले म्हणतात, कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतात. 1852 मध्ये फ्रान्सिस गथ्री नावाचा तरुण इंग्लंडच्या काउंट्या रंगवत बसला होता, तेव्हा त्याला हे सुचलं. 1976 मध्ये अ‍ॅपेल आणि हाकेन यांनी संगणकाला जुंपून ते सिद्ध केलं. सव्वाशे वर्षं खपून मिळालेली हमी एवढीच, की शेजाऱ्याशेजाऱ्यांचा रंग सारखा येणार नाही. सूची वाचता येईल असं गणिताने कुणालाही वचन दिलेलं नाही.

खरी गोम दुसरीकडेच आहे. साडीच्या दुकानात हीच बायको डाळिंबी, राणी, गुलबक्षी आणि आमसुली एका नजरेत वेगळे करते, कारण ते गादीवर शेजारी शेजारी पसरलेले असतात. पण ब्लाउजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये जाताना तीच साडी पिशवीत घालून नेते. रंग डोक्यात धरून गल्लीच्या टोकापर्यंतही नेता येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. सूचीतला चौकोन मात्र उचलून गडचिरोलीवर ठेवता येत नाही. नजर कोपऱ्यातून निघते आणि नागपूरपर्यंत पोचेतो पोपटीचा शेवाळी झालेला असतो. त्यात शेजारचा रंगही दगा देतो. पॅरिसच्या गोब्लँ विणकामशाळेत काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार आली, तेव्हा तिथले रंगप्रमुख शेव्रल यांनी तपास केला. काळ्यात खोट नव्हती, शेजारचे धागे त्याला फिकं पाडत होते. 1839 मध्ये त्यांनी यावर जाडजूड ग्रंथच लिहिला.

1965 मध्ये अमेरिकेच्या केनेथ केली यांनी एकमेकांपासून सहज वेगळे ओळखू येतील अशा रंगांची यादी केली. ती बाविसावर थांबली. आपले जिल्हे 36! यादीतले पहिले नऊ रंग लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्यांनाही वेगळे कळावेत असे निवडलेले आहेत, आणि म्हणून हिरव्याचा नंबर थेट दहावा. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाची अशी गफलत होते. आपल्याकडचे नकाशे मात्र लाल-हिरव्यावाचून पूर्ण होत नाहीत.

निकालाचं एक वेळ सोडा, विकास आराखड्यात तर हा घरादाराचा प्रश्न होतो. पिवळं म्हणजे निवासी, हिरवं म्हणजे उद्यान. आमच्या सोसायटीच्या सभेत मोबाइलवर सतरा ठिकाणांहून फिरून आलेला आराखड्याचा फोटो दाखवला गेला. त्यात आमची इमारत लिंबू रंगात होती. निम्मे सभासद म्हणाले पिवळं, निम्मे म्हणाले हिरवं. ज्यांनी फ्लॅट विकायला काढले होते, ते तर शपथेवर पिवळं म्हणत होते.

तेव्हा नकाशे करणाऱ्यांनो, कमी-जास्त दाखवायचं असेल तर एकच रंग फिक्यापासून गडदपर्यंत न्या. पक्ष, पिकं, बोली असे प्रकार दाखवायचे असतील तर सहा-सात रंगांवर थांबा. पुढे रेघा मारा, ठिपके द्या, नाहीतर सरळ नावच तिथल्या तिथे लिहा. आणि छापण्याआधी नकाशाची एक काळी-पांढरी झेरॉक्स काढून बघा. त्यात जे दोन रंग एक झाले, त्यातला एक बदला. झेरॉक्सला दोन-तीन रुपये पडतात.