पदोन्नती

आपल्याकडे पायाला मान आहे, पण तो दुसऱ्याच्या. स्वतःच्या पायाकडे लक्ष जातं ते चपलेचा अंगठा तुटल्यावर. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी आलेलं टेंगूळ घरात 'हाड वाढलंय' या सदरात बरीच वर्षं पडून होतं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. हाड वाढलेलं नव्हतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाकडे झुकलं होतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर रेलला होता. या दोघांतला कोन १५ अंशांपुढे गेला की त्याला 'हॅलक्स व्हॅल्गस' म्हणतात.

कारण? थोडी आनुवंशिकता, थोड्या निमुळत्या चपला. पहिला भाग सासूबाईंनी तत्काळ माझ्या माहेरच्या खात्यावर टाकला. दुसऱ्याचा पुरावा थेट केंब्रिजचा निघाला. तिथल्या मध्ययुगीन सांगाड्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. लांब टोकाचे बूट येण्याआधी हे दुखणं ६ टक्के सांगाड्यांत होतं, चौदाव्या-पंधराव्या शतकांत ते २७ टक्क्यांवर गेलं. फॅशन मेल्यावरही लपत नाही.

ऑपरेशनमध्ये हाड कापून, सरकवून, स्क्रूने बसवतात. कमरेत इंजेक्शन दिल्यामुळे मी जागीच होते. पडद्यापलीकडे करवत चालू होती आणि डॉक्टर भारताची मधली फळी दुरुस्त करत होते.

घरी आल्यावर खरी पंचाईत झाली. सूज उतरायला पाय हृदयापेक्षा उंच ठेवायचा होता. "देवघराकडे पाय नको," सासूबाई म्हणाल्या. दक्षिणेकडे तर नकोच. पूर्वेला मामंजींचा हार घातलेला फोटो. उरला टीव्ही. त्यामुळे सगळ्या मालिका मी पायाच्या बोटांमधून पाहिल्या. भेटायला आलेली पुतण्याची नवी बायको नमस्काराला पुढे झाली, तर उशांच्या राशीवरचा पाय तिच्या हातालाच लागला. बिचारीला वाकायची संधीच मिळाली नाही.

पुढे टाचेवर भार देणारा जाड तळाचा बूट आला आणि तो सुटल्यावर रुंद पंजाचे स्पोर्ट्स शूज. सूज महिनोन्‌महिने रेंगाळते. तेवढ्यात भाचीचं लग्न आलं. पैठणीखाली तेच चढवले. जेवणं उरकून कार्यालयाच्या दाराशी आलो, तर यांच्या नव्या कोऱ्या कोल्हापुरी गायब! माझ्या बुटांना मात्र चोरानं हातही लावला नव्हता. मी ते यांना देऊ केले. बसलेही असते. पण हे तसेच अनवाणी, पायांपेक्षा वाकडं तोंड करून, रिक्षात जाऊन बसले.