मुलगा पसंत आहे, पण...

उत्तर अमेरिकेत आइस हॉकीचा होतकरू खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम आपल्या कांदेपोह्यांसारखाच चालतो. उंची, वजन, स्वभाव, घरची माणसं, सगळं विचारून होतं. फक्त पोह्यांच्या बशीऐवजी मुलाला व्यायामाच्या सायकलवर बसवतात आणि जीव जाईस्तोवर पिटाळतात. उतरल्यावर काहींना बादली लागते.

2014 साली नॅशनल हॉकी लीगच्या अशाच तपासणीत सॅम बेनेट बारला लटकला. हनुवटी एकदा तरी बारच्या वर न्यायची होती. तो लटकला आणि लटकतच राहिला. पुल-अप : शून्य. गंमत म्हणजे, लीगच्याच परीक्षकांनी गोलरक्षक सोडून उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या पोरांत त्याला पहिला नंबर दिला होता!

निवडीच्या दिवशी फ्लोरिडाच्या संघानं ॲरन एकब्लॅडला पहिला उचलला, बफेलोनं सॅम राइनहार्टला, एडमंटननं लिऑन ड्रायसाइटलला. चौथ्या नंबरावर कॅल्गरीनं बेनेटला पदरात घेतलं.

पण पसंती आली म्हणजे अक्षता पडल्या असं नव्हे. संघात जागा 23, सामन्याला उतरणार 20, आणि सप्टेंबरच्या शिबिरात एकेका जागेवर चौघांचा रुमाल. त्यात नियम असा, की मुरलेल्या खेळाडूला खालच्या लीगमध्ये पाठवायचं तर आधी बाकीच्या संघांपुढे ठेवावं लागतं. कुणीही फुकटात घेऊन जातो. नव्या पोराला ती भानगड नाही. लग्नघरात पाहुणे वाढले की धाकट्याचंच अंथरूण ओसरीवर जातं, तसं मग चांगलं खेळूनही पोरालाच बॅग भरावी लागते.

शिवाय अठरा वर्षांच्या मुलानं दहावा सामना खेळला की त्याच्या तीन वर्षांच्या करारातलं एक वर्ष खर्ची पडतं. बफेलोनं राइनहार्टला मोजून नऊ सामने खेळवलं आणि परत ज्युनियर संघात धाडलं. ड्रायसाइटलला 37 सामने मिळाले, गोल झाले दोन. त्याचीही पाठवणी झाली. (2020 मध्ये हाच लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.) एकब्लॅड तेवढा टिकला. कर्णधार विली मिचेलच्या घरी घरजावयासारखा राहिला आणि वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला.

पुढे राइनहार्ट आणि बेनेटही फ्लोरिडात येऊन दाखल झाले. 2024 आणि 2025, लागोपाठ दोन वर्षं फ्लोरिडानं लीगच्या अंतिम फेरीत एडमंटनला हरवलं. पहिलं, दुसरं आणि चौथं स्थळ एकाच मांडवात, आणि तिसरा ड्रायसाइटल दोन्ही वेळा समोर हात चोळत उभा.

2025 च्या प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू होता बेनेट, 15 गोलांसह. मग रिवाजाप्रमाणे विजेत्यांचा सुमारे साडेपंधरा किलोंचा स्टॅन्ली चषक हातोहात फिरत त्याच्याकडे आला. त्यानं तो उचलला. हनुवटीच्या बराच वर.