डोक्यावर बाग, तळघरात गाडी

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या खेळांच्या आखाड्यात बाग नाही. ते मॅडिसन चौकात नाही. चौकोनी म्हणावं, तर इमारत चक्क गोल. नाव तेवढं पिढीजात. हे त्याचं चौथं बिऱ्हाड, १९६८ पासून पेन स्टेशनच्या डोक्यावर मांडलेलं. तिथे आधी १९१० चं, दगडी खांबांचं आणि काचेच्या छताचं राजेशाही स्टेशन होतं. १९६३ मध्ये त्यावर हातोडा पडला आणि १९६५ मध्ये शहराने वारसा जपण्याचा कायदा केला. वरातीमागून घोडं; तेही आलं बिचारं धापा टाकत.

रूळ होते तिथेच राहिले, प्रवासी मात्र तळघरात गेले. वरच्या आखाड्याचे खांब थेट फलाटांवर उतरलेत, अंग चोरून चालायचं. २०१३ मध्ये महापालिकेने आखाड्याला बजावलं, दहा वर्षांत दुसरी जागा बघा. २०२३ उजाडलं, तर आणखी पाच वर्षं दिली. मालमत्ता कर १९८२ पासून माफच. असा पाहुणा उठेल कशाला?

मधल्या काळात स्टेशनच्या पुनर्विकासाचे आराखडे मात्र भरघोस पिकले. प्रत्येक चित्रात ऊन, झाडं आणि कुणालाच घाई नसलेली माणसं. २०२१ मध्ये शेजारच्या जुन्या टपाल कार्यालयात स्टेशनचं नवं, उंच काचेचं दालन उघडलं. त्याच्या मुख्य भागात बाकं ठेवायची मात्र राहून गेली. छत बघायचं ते उभ्यानेच.

आमचे न्यू जर्सीतल्या एडिसनचे मराठी लोक तळघरातच मान वर करून उभे असतात. फलाट क्रमांक झळकला, की धावायचं. दादरचा सराव कामी येतो.