मुक्काम पोस्ट देवास, थोरली पाती

माळव्यातल्या देवासात एक कारखाना असा आहे, की तिथल्या कामगारानं कितीही गयावया केल्या तरी साहेब त्याला ‘उद्यापासून घरून काम कर’ असं म्हणणार नाहीत. बँक नोट प्रेस. १९७४ साली सुरू झालेल्या या छापखान्यात देशाच्या नोटा छापल्या जातात आणि त्यासाठी लागणारी शाईही तिथंच तयार होते. ‘थोडं उरलंय, रात्री घरी बसून संपवतो’ हे वाक्य ज्या नोकरीत माणसाला थेट तुरुंगात नेऊ शकतं, अशा नोकऱ्या फार नसाव्यात.

बाकीच्या जगाचं तसं नाही. २०२०च्या टाळेबंदीनं लोकांच्या कचेऱ्या त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवल्या. टाळेबंदी उठल्यावर काहींच्या लक्षात आलं, की ते टेबल आपल्याच घरातलं असायला हवं असं काही नाही. ते गोव्यात चालेल, मनालीत चालेल, मांडूच्या एखाद्या लॉजमध्येही चालेल. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स या जोडीनं १९९७ सालीच ‘डिजिटल नोमॅड’ नावाचं पुस्तक लिहून हा प्राणी येऊ घातल्याची वर्दी दिली होती. एस्टोनियानं २०२० साली त्याच्यासाठी वेगळा व्हिसा काढला. देवासला मात्र तो १९२१ सालीच येऊन, काही महिने राहून, हात हलवत परत गेला होता. त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता, एवढंच.

त्याचं नाव एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर. वय बेचाळीस, नावावर चार कादंबऱ्या, त्यातली शेवटची १९१० सालची. १९१२-१३ मध्ये हिंदुस्थानची एक फेरी करून गेल्यावर त्यानं हिंदुस्थानावरच कादंबरी लिहायला घेतली होती. काही प्रकरणं झाली आणि पुढं घोडं पेंड खाऊ लागलं. अशात देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांच्याकडून बोलावणं आलं: आमचे खासगी सचिव रजेवर जात आहेत, त्यांच्या जागी तुम्ही या. अडलेल्या लेखकाला आणखी काय हवं? ज्या देशावर लिहायचं त्याच देशात राहायचं, वर पगार, राजवाड्यात खोली, आणि संध्याकाळ मोकळी. मांडूच्या जहाज महालापुढं लॅपटॉप ठेवून फोटो टाकणाऱ्या आजच्या तरुणाचा हिशेब याहून निराळा नसतो. फॉर्स्टरनं लिहून झालेली प्रकरणं सामानात घातली आणि मार्चमध्ये तो देवासात दाखल झाला.

देवास हे तेव्हा एक नमुनेदार प्रकरण होतं. गाव एक आणि राजे दोन. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांच्या वाट्याला हा मुलूख आला आणि पुढं वाटणी झाली ती भर गावातून: थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन गाद्या, दोन राजवाडे, दोन दरबार, दोन कारभार, आणि सरहद्द रस्त्यातून. आज देवासात एका खोलीत एका कंपनीचा सिग्नल येतो आणि ओसरीवर आलं की दुसऱ्या कंपनीचा, हे पाहून पाहुणा चक्रावतो. जुन्या देवासकराला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

नेमणूक खासगी सचिवाची असली तरी फॉर्स्टरच्या गळ्यात पडलं ते बागा, तळी, मोटारी, अतिथिगृह आणि विजेचं खातं. कादंबरीकाराला यातलं काय येत होतं, हा प्रश्न दरबारात कुणी विचारला नसावा. हाताखाली जो नवा राजवाडा होता त्याची तऱ्हा आणखीच वेगळी. तो बांधून पुरा झाला नव्हता आणि आतलं सामान मात्र जुनं होऊन मोडायला लागलं होतं. दोन पियानो होते, नवे कोरे. माळव्याच्या कोरड्या हवेनं त्यांना तडे गेलेले, पट्ट्या अडकलेल्या. एका खोलीत टॉवेल वाळत घालायच्या वाकड्या झालेल्या घोड्यांची पागाच होती. न्हाणीघराजवळचं कपाट उघडावं, तर आत चहाच्या किटल्या. हा माणूस दिवसभर अशा वस्तूंची मोजदाद करत फिरे. कामाच्या जाहिरातीत एक लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात इन्व्हर्टरची बॅटरी कोण बदलणार यावरच दिवस जातो, हा अनुभव घेणारा तो पहिला नसेल. पण इतक्या शिस्तीत लिहून ठेवणारे थोडे.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी तो ती प्रकरणं काढून वाचत बसे आणि हताश होई. त्यानंच पुढं सांगितलं आहे, की इंग्लंडात बसून रंगवलेला हिंदुस्थान खऱ्या हिंदुस्थानासमोर येताच कोमेजून गेला. खिडकीबाहेर खरी गोष्ट एवढ्या मोठ्यानं चालू होती, की कागदावरची खोटी वाटू लागली. देवासच्या मुक्कामात कादंबरी पुढं सरकली नाही. फिरत-फिरत काम करण्याचे फायदे सांगणारी मंडळी ‘प्रेरणादायी परिसर’ हा शब्दप्रयोग फार सैल हातानं वापरतात. परिसर खरोखरच जिवंत असेल तर तो आधी तुमचं काम बंद पाडतो.

ऑगस्टात गोकुळाष्टमी आली. थोरल्या पातीत हा उत्सव आठ दिवस चाले आणि त्यासाठी महाराज नव्या वाड्यातून गावातल्या जुन्या वाड्यात मुक्काम हलवत. सचिवानंही हलवला. खाली देवापुढं अखंड भजन. आठ-आठ जणांच्या तुकड्या पाळीनं येणार, झांजा, पेटी. चौकात बँड वेगळा. महाराज स्वतः देवापुढं नाचत. अनवाणी फिरणाऱ्या इंग्रज सचिवाला यात ना ताल दिसला ना शोभा, त्याचं डोकं मात्र उठलं. घरी लिहिलेल्या पत्रांत त्यानं या गोंगाटाची तक्रारच केली आहे. आजही देवासात गणपतीच्या दहा दिवसांत भाड्याच्या खोलीत बसून पुण्याच्या किंवा परदेशातल्या साहेबाशी बोलणाऱ्यानं आवाजाचं बटण बंद ठेवावं, उघडावं, पुन्हा बंद करावं, आणि साहेबानं विचारावं, ‘तुमच्याकडे लग्न आहे का?’ पण गंमत अशी, की फॉर्स्टरच्या कादंबरीच्या तिसऱ्या भागात हाच उत्सव जवळजवळ आहे तसा उतरला. संस्थानाचं नाव त्यानं माऊ ठेवलं, आणि तिथं गजर चालतो तो तुकारामांचा. एका जगप्रसिद्ध इंग्रजी कादंबरीत आमचे तुकोबा शिरले ते देवासच्या मराठी दरबाराच्या दारातून, आणि तेही एका वैतागलेल्या माणसाच्या कानातून.

दसऱ्याची हकीगत तर कुठल्याही मराठी घरात शोभावी अशी. खंडेनवमीला तलवारी, नांगर, शिवणयंत्र, स्कूटर, जे ज्याच्या पोटापाण्याचं असेल त्याची आपण पूजा करतो. सचिवाची हत्यारं कोणती? कचेरीतल्या कारकुनानं ठरवलं आणि त्याच्या देखरेखीखाली फॉर्स्टरनं लेखणी, दौत, कागद आणि रद्दीची टोपली यांची यथासांग पूजा केली. रद्दीच्या टोपलीला लेखकाचं हत्यार मानणारा तो कारकून मोठा मर्मज्ञ म्हटला पाहिजे. हल्ली लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं बोट उमटतं आणि झेंडूचं फूल चार्जरवर बसतं. ‘रिसायकल बिन’ला हळद वाहणारा मात्र अजून भेटायचा आहे.

माळव्यात येऊन कचेरी चालवणाऱ्यांची परंपरा तशी जुनी. १६१७ साली जहांगीर बादशहा अख्खा दरबार घेऊन मांडूला आला आणि पावसाळा तिथंच काढला. बादशहाला मांडूचा पाऊस फार आवडे. त्याच्या मागून यावं लागलेला इंग्रज वकील सर टॉमस रो मात्र पाण्याच्या टंचाईनं आणि मुक्कामाभोवती फिरणाऱ्या सिंहांनी बेजार झाला. एकाच सहलीत साहेबाला हवा मानवते आणि हाताखालच्याला सिंह दिसतो, हे मोगलाईपासून चालत आलेलं आहे. मांडूच्या राणी रूपमतीची आख्यायिका अशी, की दुरून नर्मदेचं दर्शन झाल्याशिवाय ती अन्न घेत नसे. पावसाळ्यात मांडूवर जे धुकं उतरतं ते पाहता, तिला बरेच दिवस जोडणी पूर्ववत होण्याची वाट पाहावी लागली असणार.

माळव्यातला धारचा किल्लाही या परंपरेतून सुटला नाही. १७७५च्या जानेवारीत रघुनाथराव पेशव्यांच्या पत्नी आनंदीबाई या किल्ल्यात बाळंत झाल्या. तो मुलगा म्हणजेच पुढचे दुसरे बाजीराव. रघुनाथराव त्या वेळी गुजरातेकडे, इंग्रजांशी बोलणी करण्यात गुंतलेले. मार्चमध्ये सुरतेचा तह झाला. कुटुंब धारेला, वाटाघाटी सुरतेला आणि डोळा शनिवारवाड्यावर: तिन्ही ठिकाणचं जाळं एकदम धरून ठेवण्याचा तो प्रयत्न कसा संपला हे शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे. खुद्द धारकरांचं म्हणाल, तर इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाची पायाभरणी २००८ साली झाली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्यांनी गाडीची वाट पाहण्याचं काम घरी बसूनच केलं.

आजच्या पाहुण्याच्या अडचणी साध्या असतात, पण चिवट. कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ म्हणजे देवासात उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. घरमालकीण माळव्यात दोन-तीन पिढ्या मुरलेली मराठी काकू. सकाळी पोह्यांवर शेव पेरताना ती विचारते, “काय रे बाळा, रात्री कुणाशी भांडून राहिला होतास?”

“भांडत नव्हतो काकू, मीटिंग होती.”

“मग दिवसा का झोपून राहिलास? नोकरी आहे ना नक्की? की आईला सांगितलंच नाहीस?”

काकूच्या लेखी जो माणूस दहा वाजता डबा घेऊन बाहेर पडत नाही तो बेकार, आणि बेकार माणसाकडून भाजी आणवून घ्यायला हरकत नसते. शिवाय तो दुपारी घरात असतो म्हणून गॅसचं सिलिंडर, पोस्टमन आणि नळाचं पाणी या तिन्हींची जबाबदारी आपोआप त्याच्यावर येते. रविवारी बाफले. गव्हाच्या जाडसर पिठाचे गोळे आधी उकडायचे, मग भाजायचे, मग तुपात बुडवून वरणासोबत वाढायचे. दोन खाल्ले की माणूस समाधानी होतो, तिसऱ्याला तत्त्वज्ञ होतो, आणि चौथ्यानंतर कॅमेरा बंद ठेवण्याचं खरं कारण कुणालाही सांगता येत नाही. सोमवारी सकाळी उरलेले बाफले चुरून गूळ-तूप घातलेले पुढ्यात येतात.

याच गावात एक माणूस मात्र काम करायला नव्हे, काम न करायला आला होता. १९४८च्या जानेवारीत क्षयानं आजारी असलेले कुमार गंधर्व कोरड्या हवेसाठी देवासला राहायला आले. वय चोविशीही पुरी नव्हती. गाणं बंद, बोलणंही बेतानं, अंथरुणावर पडून राहायचं. पडल्या-पडल्या कानांवर येत होती ती माळव्यातल्या बायकांची गाणी. कुमारांनी ती गोळा केली, त्यांची स्वरलेखनं केली, लोकधुनांतून नवे राग बांधले, आणि काही वर्षांनी पुन्हा मैफलीत बसले तेव्हा त्यांचं गाणं पूर्वीचं राहिलं नव्हतं. बरे झाल्यावर मुंबई-पुण्याला परतायचं सोडून ते १९९२ साली जाईपर्यंत माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी राहिले. काम गाडीनं गावोगाव जाई, घर जागचं हललं नाही. फॉर्स्टरला देवासचा आवाज सहन होत नव्हता. कुमारांना दुसरं काही करायचीच परवानगी नव्हती, म्हणून तो नीट ऐकू आला. या बाबतीत अंथरूण हे लॅपटॉपपेक्षा सरस साधन ठरलं असं म्हणायला हवं.

आणि तुकोजीराव महाराज? त्यांनी तर उलटीच वाट धरली. कर्ज वाढलं, इंग्रज सरकारचा तगादा लागला, तेव्हा १९३३च्या अखेरीस दक्षिणेच्या यात्रेला म्हणून निघालेले महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन बसले ते परतलेच नाहीत. गादी देवासला, राजा समुद्रकाठी. हे राज्य दुरून चालण्यातलं नव्हतं; १९३७ साली पाँडिचेरीतच त्यांचा अंत झाला. त्यांचे चिरंजीव, शाहू महाराजांचे नातू, १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. त्यांनाही बदली देवासहूनच मिळाली.

फॉर्स्टर १९२१च्या नोव्हेंबरात देवास सोडून हैदराबादेला गेला आणि पुढच्या वर्षी इंग्लंडात पोचला. वेब्रिज नावाच्या गावात, आईच्या घरात, जिथं मोरी तुंबली तर ती त्याची जबाबदारी नव्हती, तिथं त्याचा मित्र लेनर्ड वुल्फ यानं मागं लागून-लागून कादंबरी पुरी करवून घेतली. ‘अ पॅसेज टू इंडिया’ १९२४ साली प्रसिद्ध झाली. देवासात मात्र एक पुस्तक नकळत लिहून होत होतं. बागा, मोटारी, किटल्या, गोकुळाष्टमी यांनी वैतागून आईला आणि मित्रांना पाठवलेली पत्रं त्यानं पुढं निवडून, मधला मजकूर जोडून १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावानं छापली. ज्या कामासाठी आला ते झालं नाही, ज्याचा पगार घेतला ते जेमतेम झालं, आणि पुस्तक बनलं ते टिवल्याबावल्यांचं. यातली किती पत्रं कचेरीच्या वेळात लिहिली, हे महाराजांनी कधी विचारल्याचं ऐकिवात नाही. आजच्या एखाद्या कंपनीत हाच प्रकार उघडकीस आला असता तर मनुष्यबळ विभागाचा मेल आला असता, आणि त्या मेलची एक प्रत बहुधा आईलाही गेली असती.