फोर्थ ॲक्सिसची प्रदक्षिणा

व्हीएमसीचे एक्स, वाय, झेड हे तिघे सरळमार्गी. शंभर मिलिमीटर जा म्हटलं की जातात, परत ये म्हटलं की येतात. भोसरीतल्या आमच्या शॉपमध्ये शेठनी टेबलावर रोटरी बसवली आणि 'ए' नावाचा चौथा आला. विकणारा म्हणाला होता, "एकाच सेटिंगमध्ये चारी बाजू." खोटं नव्हतं. ते सेटिंग कधी संपतं, एवढंच त्यानं सांगितलं नाही. रोटरीचं सेंटर पन्नास मायक्रॉननं चुकलं, तर जॉब १८० अंशांत फिरवल्यावर तीच चूक शंभर होऊन समोर येते.

त्यात फॅनुक कंट्रोल. बऱ्याच मशिनांवर 'ए ९०' लिहून पॉइंट द्यायचा राहिला, तर नव्वद सहस्रांश अंश धरले जातात. सगळे श्वास रोखून बघत असतात आणि काहीच होत नाही. ऑपरेटर मात्र शपथेवर सांगतो, "हलला साहेब, मी बघितला ना!"

पण खरा स्वभाव कळतो तो ३५९ अंशांवर. तिथं उभ्या असलेल्या ए-ला जी-९० मध्ये १ अंशावर बोलवा. आपल्या हिशेबानं दोन पावलं. पॅरामीटरमध्ये रोलओव्हर बंद असेल, तर हा गृहस्थ ३५८ अंश उलटा फिरून येतो. शंकराच्या देवळात सोमसूत्र ओलांडायचं नसतं, तिथपर्यंत जाऊन आल्या वाटेनं मागं फिरायचं, तशी याची प्रदक्षिणा. देवळात त्याचं पुण्य लागतं, इथं सायकल टाइम. दहा वेढ्यांची खाच काढून हा ३६०० वर पोचला आणि शून्यावर बोलावला, की दहाही वेढे निष्ठेनं उलगडतो. ऑपरेटरची याबद्दल तक्रार नाही. तेवढ्यात त्याचा चहा होतो.

मग रोलओव्हर चालू करून जवळचा रस्ता धरायला लावावं, तर दुसरीच तऱ्हा. आता शून्यावरून ३६०० सांगितलं तरी जागचा हलत नाही. ३६०० म्हणजे शून्यच की, आणि तिथं तर मी आहेच! तर्क बिनतोड. वेढे हवे असतील तर जी-९१ मध्ये मागा.

फीडचं तर विचारू नका. ए एकटा फिरत असेल, तर एफ ५०० म्हणजे मिनिटाला ५०० अंश. आता अंश म्हणजे लांबी किती? ५७.३ मिलिमीटर त्रिज्येवर एक अंश बरोबर एक मिलिमीटर. १० त्रिज्येवर जेमतेम ०.१७, तिथं टूल कापत नाही, नुसतं घासत बसतं. २०० वर साडेतीन, तिथं ते किंचाळतं. यावर उपाय जी-९३: वेग सांगूच नका, वेळ सांगा. एफ २ म्हणजे ही ओळ अर्ध्या मिनिटात आटप. प्रत्येक ओळीला नवा एफ लिहावा लागतो. हाताला मुंग्या येतात म्हणून हे काम आम्ही कॅमवर ढकलतो.

या सगळ्या काळात कोपऱ्यातल्या जुन्या मिलिंगवरचे मामा गप्प होते. मग सात पैलूंचा जॉब आला. ३६० भागिले ७ म्हणजे ५१.४२८५७१ आणि पुढं न संपणारं शेपूट. मशिनला तीनच स्थळं कळतात, म्हणून नव्या पोरानं जी-९१ मध्ये ५१.४२९ सात वेळा लावलं. बेरीज ३६०.००३. शून्यावर न आणता असे शंभर जॉब काढले, की पैलू की-वेपासून ०.३ अंश सरकलेले.

मामा डिव्हायडिंग हेडकडं बोट दाखवून म्हणाले, "चाळीस फेऱ्यांना एक. चाळीसला सातानं भाग. पाच फेरे, आणि एकवीसच्या रांगेत पंधरा भोकं. उरलं काय?"

काहीच उरत नव्हतं. पोरानं प्रोग्रॅम जी-९० मध्ये घेतला, सातही कोन शून्यापासून मोजून लिहिले. चूक साठायची थांबली. तरी मामा रोज सकाळी रोटरीपाशी येतात आणि शेठना ऐकू जाईल अशा बेतानं विचारतात, "काय रे, तुझ्या लाखाच्या मशिनला साताचा पाढा आला का?"