अर्लीकाका

न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती संपून जेवणाची रांग लागली, की अर्लीकाका नेमके बारावीतल्या मुलाच्या आईबापांच्या मागे उभे राहतात. ताटात मसालेभात पडायच्या आत कॉलेजप्रवेशाचा प्रश्न येतो, "मग, काय ठरलं? अर्ली की रेग्युलर?" मुलाला शिकायचंय काय, हे ते विचारत नाहीत. ती किरकोळ बाब.

समोरचा गोंधळलेला दिसला, की काका खुलतात. "अर्ली डिसिजन म्हणजे साखरपुडा. १ नोव्हेंबरला अर्ज, डिसेंबरच्या मध्यावर निकाल. होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. अर्ली ॲक्शन म्हणजे नुसते कांदेपोहे. होकार आला तरी १ मेपर्यंत विचार करा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड ही बडी घराणी. ती बांधून घेत नाहीत, पण त्या मोसमात दुसऱ्या खासगी घरचे पोहे खायचे नाहीत. सरकारी घरचे चालतात."

"आणि रेग्युलर?"

"वधूवर मेळावा. जानेवारीत नाव नोंदवा, मार्चअखेरपर्यंत ताटकळा."

बर्कली-यूसीएलएला अर्ली हा प्रकारच नाही. त्यामुळे कॅलिफोर्नियाबद्दल काकांना फारसं प्रेम नाही.

अर्लीचा फायदा मुख्यतः सुखवस्तू मुलांना होतो, म्हणून हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ साली ती सोय बंद करायचं जाहीर केलं आणि २०११ मध्ये पुन्हा सुरू केली. हे काका असं सांगतात, जणू दोन्ही वेळा त्यांना विचारायला फोन आला होता. मग मोबाइलवरची एक्सेल शीट उघडते. हिरव्या रकान्यात अर्लीची टक्केवारी, लालमध्ये रेग्युलरची. हिरवे आकडे खरोखरच मोठे असतात. त्यात आधीच हेरून ठेवलेले खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलंही धरलेली असतात, याला मात्र शीटमध्ये रकाना नाही.

खरी गंमत वेगळीच आहे. हा माणूस इंडियन ग्रोसरीत एकेका भेंडीचं टोक मोडून बघतो. वर्षभर वापरलेली सुटकेस पावती दाखवून परत करतो. आणि वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर मागणाऱ्या कॉलेजसाठी दुसऱ्याला बिनदिक्कत सांगतो, "सही करून टाक!" ही सही मुलाची, पालकांची आणि शाळेच्या काउन्सेलरचीही असते. आर्थिक मदत पुरेशी मिळाली नाही तर सुटता येतं, हे काका प्रामाणिकपणे सांगतात. पण दुसऱ्या कॉलेजचा आकडा हातात नसताना घासाघीस करायची कशाच्या जोरावर, हे विचारेपर्यंत रांग श्रीखंडापाशी पोहोचलेली असते.

काकांच्या चिरंजीवांना डिसेंबरात होकारही आला नाही आणि नकारही. अर्ज रेग्युलरच्या ढिगात ढकलला गेला. नाताळच्या सुट्टीत घरातल्या तिघांनी मिळून उरलेले निबंध पुरे केले. मुलगा आता सरकारी विद्यापीठात मजेत आहे. काका याला 'स्ट्रॅटेजी' म्हणतात. मुलाची आई याला काय म्हणते, ते मंडळाच्या कार्यक्रमात सांगण्यासारखं नाही.

तरी तारखांच्या बाबतीत काका कधी चुकत नाहीत, त्या त्यांच्याकडूनच घ्या. मात्र प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. त्यात आपली मिळकत भरून आकडा बघा, आणि मगच सहीसाठी पेन उचला.